पगारे सिस्टरांचा शिक्का

माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर तीन शिक्के आहेत. एक माझ्या नावाचा आणि नोंदणी क्रमांकाचा, दुसरा शाळेला द्यायच्या दाखल्यांचा आणि तिसरा पगारे सिस्टरांनी दिलेला. पहिले दोन झिजले की मी नवे करून घेतो. तिसऱ्याचा ‘ड’ आता नीट उमटत नाही, लाकडी मूठ एका बाजूने चिरली आहे, पण तो बदलायचं मनात येत नाही. त्याच्यावर तीनच शब्द आहेत, ‘शेवटचा डोस दिनांक’, आणि पुढे ठिपक्यांची एक ओळ.

कल्याणच्या एका शिक्केवाल्याकडून सिस्टरांनी असे एकदम शंभर शिक्के करून घेतले होते. त्या म्हणायच्या, “डॉक्टर लोकांना नियम सांगितला तर विसरतात. शिक्का दिला की मारत बसतात.” आमच्या जमातीबद्दल याहून खरं वाक्य मी ऐकलेलं नाही. पेशंट नसताना कोऱ्या कागदावर शिक्के मारत बसलेले डॉक्टर मी पाहिले आहेत, त्यातला एक तर रोज आरशात पाहतो.

अफूच्या कुळातलं कुठलंही औषध, मग ती पाठदुखीची गोळी असो, खोकल्याचं सिरप असो की ऑपरेशननंतरचं इंजेक्शन, ते लिहिताना थांबवणार कधी हे आधी ठरवायचं आणि मग बाकीचं लिहायचं. सिस्टरांची सगळी शिकवण एवढीच आहे असं मला सुरुवातीला वाटलं होतं. आणि मला जे वाटतं ते बरोबरच असणार, असंही मला त्या काळात वाटायचं.

विशाखा पगारे यांची उंची जेमतेम पाच फूट. सुती साडी, पदर पिनेने घट्ट लावलेला, पायात रबरी तळव्याच्या चपला, आणि डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून. जन्म ठाकुर्लीचा. वडील तिथल्या रेल्वेच्या पॉवर हाऊसमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. सिस्टरांनी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात नोकरी केली, आधी सर्जरीच्या वॉर्डात आणि नंतर कॅन्सरच्या. मग वेळेआधीच निवृत्ती घेऊन त्या डॉक्टर, नर्स आणि औषधविक्रेत्यांना एकच विषय शिकवत फिरू लागल्या: वेदनाशामक गोळ्यांची सवय कशी लागते, ती लागू कशी द्यायची नाही, आणि लागली तर माणसाला तिच्यातून बाहेर कसं काढायचं. बोलावणं ठाण्याहून येवो नाहीतर खडवलीहून, त्या स्वतःचा डबा घेऊन वेळेच्या पंधरा मिनिटं आधी हजर असायच्या.

त्यांची एक खोड होती. बोलताना त्या तुमच्या डोळ्यांकडे बघायच्याच नाहीत. नजर शर्टाच्या दुसऱ्या बटणावर. मला वाटलं, बाई भिडस्त आहेत. पुढे कळलं की त्या श्वास मोजत असतात. समोर नगरसेवक असो, रिक्षावाला असो की कार्यक्रमाचा फोटो काढणारा, पहिलं अर्धं मिनिट त्यांचं मोजण्यात जायचं आणि मगच तोंडातून शब्द निघायचा. या औषधांचा डोस जास्त झाला की पहिल्यांदा श्वास मंदावतो, म्हणून तो आधी बघायचा, हे त्यांनी आम्हाला नंतर शिकवलं. पण ती सवय त्यांना का लागली, हे शिकवण्यात कधी येत नसे.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते ठाण्यात, नौपाड्याच्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी. खरं सांगायचं तर मी नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारे गुण मिळवायला आणि उपमा खायला गेलेलो. चाळीस-पन्नास डॉक्टर होते. कुणीतरी मोठे तज्ज्ञ येणार अशी आमची समजूत. त्याऐवजी या बाई उठून माइकपाशी गेल्या, आणि माइक त्यांच्या कपाळाच्या उंचीवर होता. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ सर्जन शेजाऱ्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आज आपल्याला सिस्टर शिकवणार वाटतं?”

सिस्टरांनी माइक वाकवला. सर्जनांच्या बटणाकडे पाहत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या, “हो सर. गोळी तुम्ही लिहिता, देतो आम्ही. लिहायला दोन सेकंद लागतात. दिल्यावर काय होतं ते बघायला आम्ही आठ तास तिथे उभ्या असतो. त्या आठ तासांतलं सांगायला आले.” पुढे तीन तास त्या सर्जनांनी पायावरचा पाय काढून ऐकलं. मी मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली आहेत, पण असा दरारा पाहिला नाही. आणि त्यासाठी त्यांनी आवाज एकदाही चढवला नव्हता.

चहानंतर त्यांनी सगळ्यांना मोबाईल काढायला सांगितले. एरवी सगळीकडे ते बंद करायला सांगतात, त्यामुळे आम्ही खूश. “व्हॉट्सॲप उघडा,” त्या म्हणाल्या. “पेशंटने गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवलाय आणि तुम्ही खाली नुसता अंगठा पाठवलाय, असं किती वेळा झालंय ते शोधा. मला दाखवू नका. आपले आपण मोजा.”

आमच्याकडे ही पद्धत कशी पडली कुणास ठाऊक. पेशंट संपलेल्या पाकिटाचा फोटो पाठवतो, ‘हेच चालू ठेवू का?’ असं विचारतो. डॉक्टर दवाखान्याच्या गर्दीत एका बोटाने अंगठा पाठवतो. पेशंट तो अंगठा औषधाच्या दुकानात दाखवतो आणि गोळ्या घेऊन घरी जातो. सगळ्यांचाच वेळ वाचतो. मी तर ही आधुनिक सेवा म्हणून मित्रांना कौतुकाने सांगायचो.

हॉलमध्ये चाळीस-पन्नास माना खाली. मला एक नाव सापडलं, शेंडे बाई. डोंबिवलीतल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, घरी शिकवण्या घेणाऱ्या, अत्यंत सज्जन बाई. मणक्याची चकती सरकली म्हणून मी त्यांना दहा दिवसांसाठी ट्रामाडॉलच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या दहा दिवसांवर माझे अकरा अंगठे होते. पहिल्या फोटोत टेबलक्लॉथवर एक रिकामं पाकीट होतं. सातव्यात दोन. शेवटच्यात तीन होती आणि त्यातलं एक दुसऱ्याच कंपनीचं, म्हणजे दुसऱ्या दुकानातलं. प्रत्येक फोटोखाली ‘धन्यवाद डॉक्टर’. मी एकही फोटो नीट पाहिला नव्हता.

सिस्टर म्हणाल्या, “माझ्या आजीला सही येत नव्हती. ती अंगठा द्यायची. पण द्यायच्या आधी वाचणाऱ्याला दोनदा विचारायची, बाबा, काय लिहिलंय ह्याच्यात?” मग त्यांनी पिशवीतून शिक्के काढले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवला.

सोमवारी मी दवाखान्यात आलो तो पेटूनच. शेंडे बाईंच्या कागदावर शिक्का मारला आणि ठिपक्यांवर त्याच दिवसाची तारीख टाकली. त्यांना फोटो पाठवला: ‘या गोळ्या आजपासून बंद. सवय लागते. दुखल्यास साधी तापाची गोळी घ्यावी.’ माझ्या दवाखान्याखाली हरेश भोईरचं औषधाचं दुकान आहे. त्याला बजावलं, काही झालं तरी बाईंना ही गोळी द्यायची नाही. आसपासच्या चार दुकानांनाही फोन केले. आणि कर्तव्य पार पाडल्याच्या आनंदात तोच फोटो पगारे सिस्टरांनाही पाठवला. शाबासकीची वाट पाहत होतो. त्यांनी उलट फोन केला आणि एवढंच विचारलं की त्या बाई कशा आहेत. मी म्हटलं, काही फोन नाही, म्हणजे ठीकच असणार. मग त्यांनी विचारलं, कागदावर तारीख कुणी टाकली. मी टाकली म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी भोईर जिना चढून वर आला. तो सहसा वर येत नाही, खालूनच हाक मारतो. खुर्चीत न बसता म्हणाला, “डॉक्टर, तुमच्या शेंडे बाई दोनदा आयल्या व्हत्या. नाक गलतंय, हात थरथरतान. दोनच गोल्या दे बोलल्या. मना त्यांनी सातवीन गणित शिकवलाय. त्यांना नाय बोलताना मना कसासाच वाटला.” आणि माझ्याकडे न बघता खाली गेला.

त्याच दुपारी सिस्टर ठाकुर्लीहून आल्या. बाहेर सात पेशंट बसले होते. त्यांनी सातही जणांकडे एकेकदा पाहिलं, यातलं कुणी तासाभरात मरत नाही असं म्हणाल्या आणि मला टिळकनगरला, शेंडे बाईंच्या घरी, घेऊन निघाल्या. इमारतीच्या जिन्यात त्या थांबल्या. “वर गेल्यावर आधी तुम्ही बोलायचं,” त्या म्हणाल्या. “मी नंतर.”

दारावर ‘क्लासला सुट्टी’ असा कागद चिकटवला होता. शेंडे बाईंनी दार उघडलं. ऐन मे महिन्यात त्यांनी अंगावर शाल घेतली होती. डोळ्यांतून पाणी, हातांवर काटा, एकामागून एक जांभया. पोट बिघडलंय, काहीतरी साथ आलेली दिसते, तुम्ही लांब बसा, असं त्या आम्हालाच म्हणाल्या. फळ्यावर अर्धवट सोडवलेलं समीकरण तसंच होतं. मग त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि आम्हा दोघांपैकी कुणाकडेच न बघता म्हणाल्या, “डॉक्टर, मी गर्दुल्ली झाले का हो?”

चाळीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या बाईंच्या तोंडी तो शब्द ऐकून मला कुठे बघावं कळेना. माझ्याकडे उत्तर म्हणून जी काही वाक्यं होती ती सगळी त्यांच्या सवयीबद्दल होती. सिस्टरांची नजर माझ्या बटणावर. त्या माझा श्वास मोजत होत्या आणि मला सोडवायला येणार नव्हत्या, हे मला स्वच्छ कळलं.

“बाई, चूक तुमची नाही,” मी शेवटी म्हणालो. “मी न बघता गोळ्या चालू ठेवल्या आणि न विचारता बंद केल्या. दोन्ही वेळा मी चुकलो.” पेशंटसमोर असं बोलायची माझी ती पहिली वेळ. शेंडे बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, “मग आता हे गणित सुधारायचं कसं?”

तेव्हा कुठे सिस्टर बोलायला लागल्या. बाईंचा हात हातात घेऊन, अगदी सावकाश. शरीराला सवय होणं वेगळं आणि माणूस वाया जाणं वेगळं. तुमच्या शरीराने एवढे महिने गोळीच्या भरवशावर काम केलं, ती एकदम काढून घेतल्यावर ते थरथरणारच. काही जणांना यासाठी जिभेखाली ठेवायचं वेगळं औषध लागतं आणि त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रात जावं लागतं. तसं लागलं तर मी बरोबर येईन. पण आधी हीच गोळी पुन्हा सुरू करून, पायरी पायरीने कमी करून बघू. एखाद्या पायरीवर जास्त दिवस थांबलं तरी चालतं. जिना उतरताना कुणी घड्याळ लावत नाही.

शेंडे बाईंनी उठून आलेखाचा कागद काढला. आडव्या रेघेवर आठवडे, उभ्यावर गोळ्या. त्या आजारी बाईने पट्टी लावून असा नेमका उतरता जिना काढला की सिस्टरही बघत राहिल्या. ठरलं असं की भोईरने दर शनिवारी एका आठवड्याच्याच गोळ्या द्यायच्या आणि बाकी कुणीही द्यायच्या नाहीत. मी नवा कागद काढला, शिक्का मारला आणि तारीख टाकायला पेन टेकवलं. सिस्टरांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

“शिक्का तुमचा, तारीख पेशंटची,” त्या म्हणाल्या. “आपण विचारायचं, समजवायचं. पण कुणाची तारीख परस्पर टाकायची नाही.” पेन त्यांनी शेंडे बाईंच्या पुढे ठेवलं. बाई म्हणाल्या, आत्ता नाही टाकत, पायऱ्या उतरून बघते आधी. ती जागा मोकळी राहिली.

परत येताना सिस्टर फडके रोडच्या कोपऱ्यावर एका बाकावर बसल्या आणि थर्मासमधला चहा त्यांनी झाकणात ओतून मला दिला. आपण होऊन त्या स्वतःबद्दल बोलल्या, ते फक्त त्या दिवशी. सर्जरीच्या वॉर्डात त्यांची अलका नावाची मैत्रीण होती, तीही नर्स. तिचं डोकं फार दुखायचं. पेशंटला देऊन उरलेलं इंजेक्शन ती स्वतःला टोचून घ्यायची. वॉर्डात सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच विचारत नव्हतं, कारण विचारलं असतं तर तिची नोकरी गेली असती. एका दुपारी ती कपडे बदलायच्या खोलीत सापडली, श्वास थांबलेला. “सहा महिने तिच्या शेजारी बसून डबा खाल्ला मी,” सिस्टर म्हणाल्या. “एकदाही तिच्याकडे नीट बघितलं नाही.”

मला वाटलं, संपलं. पण त्यांनी दुसरा चहा ओतला. अलका गेली त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या आईला तोंडाचा कॅन्सर झाला. ठाकुर्लीच्या चाळीत आई कळवळायची, चाळीतली मुलं त्या बाजूला खेळायची बंद झाली. मॉर्फिन मिळालं असतं तर ती शांतपणे गेली असती. पण ज्या ज्या डॉक्टरांना विचारलं ते सगळे म्हणाले, नको, सवय लागेल. मरायला टेकलेल्या बाईला सवय लागेल. “औषधाच्या कपाटाची चावी माझ्या कमरेला होती, डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या. “ड्यूटीवर दुसऱ्यांच्या आयांना मी ते देत होते. घरी यायचे ती हात हलवत.” त्यांनी थर्मासला बूच लावलं. “एक बाई कुणी बघितलं नाही म्हणून गेली, एक सगळे घाबरले म्हणून तडफडली. तुम्ही ह्या दोन्ही चुका एका बाईवर केल्यात.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या बाकावर, त्या झाकणातला चहा हातात घेऊन, या बाईंपुढे आपण विद्यार्थी आहोत हे मी मनापासून मान्य केलं. त्यात कमीपणा वाटला नाही. उलट हलकं वाटलं.

शेंडे बाईंना पाच महिने लागले. मध्ये एकदा त्या कंपासपेटी घेऊन दवाखान्यात आल्या. पेटीत कर्कटकाच्या शेजारी आठ गोळ्या होत्या, लागल्या तर असाव्यात म्हणून दर आठवड्याला थोड्या थोड्या बाजूला ठेवलेल्या. स्वतःच्याच वर्गात कॉपी करताना सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. योगायोगाने तिथे असलेल्या सिस्टरांनी पेटी घेतली, गोळ्या माझ्या टेबलावर ओतल्या, पेटी परत दिली आणि म्हणाल्या, “तुम्ही आणून दिल्यात ना? मग झालं.” आणि पाठीचे व्यायाम नीट चाललेत का ते विचारायला लागल्या. शेवटच्या शनिवारी बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि ठिपक्यांवर तारीख टाकली, खाली दोन रेघा ओढून. त्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे, खिळ्याला लावलेली.

त्यानंतर मी सिस्टरांच्या वर्गांना मदतनीस म्हणून जाऊ लागलो. तिथे त्या नाटक करायच्या. स्वतः पेशंट व्हायच्या आणि आम्हाला डॉक्टर करायच्या. चिठ्ठी हरवलेला तिकीट तपासनीस, गोळ्या नाल्यात पडलेली गृहिणी, आपल्यासाठी नाही तर आजोबांसाठी खोकल्याचं औषध न्यायला आलेली कॉलेजची मुलगी. असा बेमालूम आवाज लावायच्या की मी गोंधळून जायचो. कल्याणला एका तरुण डॉक्टरने त्यांच्या तपासनिसाचं खोटं झटक्यात पकडलं आणि त्याला दवाखान्यातून हाकलून दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर नाटकातून बाहेर आल्या आणि त्याला म्हणाल्या की खोटं बरोबर ओळखलंत. पण तो खोटं बोलतोय म्हणजे त्याचं दुखत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? त्याला बसवून पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. दुसऱ्या खेपेला त्या पोराने विचारलं, दादा, कुठे दुखतंय, आणि सिस्टर त्या तपासनिसाच्या आवाजात खरोखर रडल्या.

कुणी अभिमानाने सांगायला यायचं की मी आता ही औषधं दवाखान्यात ठेवतच नाही, लिहीतच नाही. त्याच्यावर त्या सगळ्यात जास्त चिडायच्या. त्यांच्याच आग्रहाने मी रीतसर शिक्षण घेऊन कल्याणच्या एका केंद्रात दर गुरुवारी बसू लागलो. तिथे कॅन्सरच्या पेशंटना मॉर्फिन मिळतं. सुरुवातीला माझा हात आखडता असायचा. सिस्टर माझे कागद तपासायच्या आणि डोस कमी असला की कागदावर काही न लिहिता तो माझ्यापुढे परत सरकवायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या भावजयीचा, संगीताचा फोन आला. ताईंनी बोलावलंय म्हणाली, शिक्का घेऊन या. पाठीचं दुखणं म्हणून सुरू झालेलं ते कॅन्सरचं निघालं होतं, हाडांत पसरलेलं. सिस्टरांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. मागच्याच महिन्यात त्या खडवलीला नर्सेसचा वर्ग घेऊन आल्या होत्या.

ठाकुर्लीत चाळीच्या जागी आता चार मजली इमारत आहे. सिस्टरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली नर्सिंगच्या शाळेतला फोटो. सिस्टर खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, पाठीला दोन उशा. घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकलं होतं. मी समोर बसलो आणि नकळत माझी नजर त्यांच्या पदराच्या पिनेवर गेली.

“किती?” त्यांनी विचारलं.

“सव्वीस.”

“बरोबर. दुखणं दहापैकी आठ. सकाळी नऊ होतं.” आधीच्या डॉक्टरांनी ‘फारच दुखलं तर घ्या’ म्हणून अर्धी गोळी लिहून दिली होती. ते सांगताना दुखण्यातही त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छता उमटली. “लिहा आता,” त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. सिस्टरांनी कागद घेतला, लांब धरून वाचला आणि काही न बोलता माझ्यापुढे परत सरकवला. ती हालचाल मला पाठ होती. मी डोस कमी का लिहिला होता ते मला कळत होतं. त्यांच्या शरीराला भिऊन नाही, त्यांच्याशिवायच्या गुरुवारांना भिऊन. त्यांच्या आईला नाकारणाऱ्या डॉक्टरांच्या रांगेत मी शेवटचा उभा होतो. मी तो आकडा खोडला आणि या वयाच्या, या वजनाच्या, एवढ्या वेदनेच्या कुणाही बाईला लिहिला असता तो डोस लिहिला, दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. सही केली. आणि सही करताच माझा हात सवयीने बॅगेत गेला, शिक्का निघाला आणि कागदावर उमटलाही.

शेवटचा डोस दिनांक. पुढे ठिपके.

आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मला माझ्या हाताची लाज वाटली. माफ करा, सवयीने झालं, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि खोडायला पेन उचललं. सिस्टरांनी कागदावर तळवा ठेवला. त्या हसत होत्या, पाठीला धक्का लागू नये म्हणून बिनआवाजाचं.

“खोडू नका,” त्या म्हणाल्या. “शिक्का तुमचा, तारीख पेशंटची. ही मी भरेन.”

गोळी मी केंद्रातून बरोबरच आणली होती. संगीताने पाणी दिलं. सिस्टरांनी गोळी घेतली, घड्याळ मनगटावर ओढून वेळ पाहिली आणि ती संगीताला लिहून ठेवायला सांगितली. मग डोळे मिटून बसल्या. तासाभराने त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. जबडा सुटला. मी पिनेकडे बघून पुन्हा मोजलं, अठरा झाले होते. डोळे न उघडताच त्यांनी शेंडे बाई कशा आहेत ते विचारलं. मी सांगितलं की दहावीची तुकडी घेतात, पाठ दुखली की व्यायाम करतात आणि दर शनिवारी भोईरच्या दुकानावरून जाताना मला हात करतात. ऐकून त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. उशीवर मान टेकवून त्या म्हणाल्या की आईला हे मिळायला हवं होतं. एवढंच, तक्रार नव्हती.

मी निघायला उठलो. बोलायचं बरंच होतं. मी नुसताच दाराशी उभा राहिलो. सिस्टरांनी डोळे उघडले आणि नेहमीसारखी नजर माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर ठेवली. अर्धं मिनिट गेलं. संगीता काही बोलणार होती, तिला त्यांनी हाताने थांबवलं.

“चोवीस,” त्या म्हणाल्या. “जिना हळू उतरा, डॉक्टर.”

मी कठडा धरून एकेक पायरी उतरलो.